अळणी रस्त्यांचे काका

काका कुणाच्याही घरी गेले की आधी गाडीला भेटत, मग माणसांना. घंटा वाजवण्यापूर्वी ते ड्राइव्हवेवर उकिडवे बसत, डाव्या हाताचं मधलं बोट दाराखालच्या पत्र्यावर सपाट टेकवत आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकत ठोकत पुढून मागे सरकत जात. पेशाने ते छातीचे डॉक्टर. पेशंटच्या पाठीवर ठोकून आत हवा आहे की पाणी ते जसं ऐकायचं, तसंच ते गाडीचं ऐकत. पत्रा शाबूत असला तर म्हणत, "ठणठणीत." आतून गंजलेला असला किंवा कुणी भोकात पुट्टी भरून वरून रंग मारलेला असला, तर आवाज दबका येई. मग मान हलवून म्हणत, "बद्द." एवढं झाल्यावर घंटा वाजे. दार उघडणाऱ्या बाईला आधी निदान ऐकावं लागे, आणि "कशा आहात" नंतर.

इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या पंधरा-वीस मराठी घरांत मोठी माणसं त्यांना नुसतं काका म्हणत आणि मुलं गंजकाका. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांना आवडायचं असा मला संशय आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा माझा नवरा त्यांच्याच हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे दुय्यम डॉक्टर, होता, आणि घर मिळालं ते नेमकं त्यांच्या शेजारचं. सामान उतरवत होतो तेव्हा एक उंच, सडसडीत, कानटोपी घातलेले गृहस्थ आमच्या जुन्या हॅचबॅकच्या पाठीमागे बसलेले दिसले. मला वाटलं गाडी चोरतायत. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "पुढचं ठीक आहे. मागचं बघायला हवं. चहाला या."

वर्षाचे त्यांच्या लेखी दोनच भाग होते, मिठाचे महिने आणि अळणी महिने. कडाक्याची थंडी पडणार अशी बातमी आली की इथे कौन्सिलची पिवळी लॉरी संध्याकाळी रस्त्यांवर मीठ फेकत जाते. त्याने बर्फ धरत नाही, माणसं घसरत नाहीत, पण तेच मीठ चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा खात राहतं. ती लॉरी हंगामात पहिल्यांदा गेली की काका आम्हा सगळ्यांना फोन करत. फोनवर एकच शब्द: "पडलं." आणि रिसीव्हर खाली. एक नव्याने आलेल्या बाई त्यावर घाबरून आपल्या मुलाला शोधत बागेत धावल्या होत्या.

त्या फोननंतर काकांची गाडी रस्त्यावर दिसत नसे. दिसत नसे म्हणजे अगदी मार्च-एप्रिलपर्यंत. तिला खालून वरून धुवायची, दोन दिवस वाळू द्यायची, गॅरेजमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, बॅटरी काढून घरात जिन्याखाली वर्तमानपत्रावर ठेवायची आणि गाडीवर काकूंच्या जुन्या सुती साड्या पांघरायच्या. मग ते स्वतः रेडवेने चालत हॉस्पिटलला जात. रेडवे म्हणजे आमच्या गावातल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या तांबड्या वाटा. त्यांच्यावर मीठ क्वचितच पडे, म्हणून काका त्यांना अळणी रस्ते म्हणत आणि आल्यागेल्याला त्यांची शिफारस करत. वसंतात तीन मोठे पाऊस होऊन सगळे रस्ते अळणी झाले, अशी स्वतःची खात्री पटली की मगच गाडी ठोकळ्यांवरून उतरे. पाऊस मोठा होता की नाही यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एकदा घातला होता.

मी जात्याच भांडकुदळ आहे, आणि आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते दसऱ्याला. दसऱ्याच्या आसपासच्या रविवारी आम्ही सगळे एका शाळेचा हॉल घेऊन जमत असू. आधी कार पार्कमध्ये गाड्यांची पूजा. प्रत्येकाने आपापल्या बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, हळदकुंकू, अक्षता, बागेतल्या झेंडूची फुलं वाहायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मी तर मुठीने अक्षता टाकायचे. दोन वर्षं घरी बसून नोकरीची वाट बघत होते, तेव्हा देवाच्या बाबतीत हात आखडता घ्यायची माझी तयारी नव्हती. काका तिथे टॉर्च आणि एक लांब चिमटा घेऊन आले आणि पूजा झालेल्या गाड्यांवरून फुलं वेचायला लागले.

देवावर त्यांचा राग नव्हता, तांदळावर होता. वायपरच्या खाली एक जाळी असते. पावसाचं पाणी तिच्यातून आत जातं आणि खाली बारीक भोकं ठेवलेली असतात तिथून वाहून जातं. आमच्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या त्या जाळीतून पडून बरोब्बर त्या भोकांशी जाऊन बसत. हिवाळ्यात खारं पाणी तिथे तुंबे आणि पत्रा आतल्या आत कुजे. शेजारच्या इंग्रजांच्या गाड्यांना हा रोग नव्हता, आपल्याच लोकांच्या गाड्यांना होता, आणि तो शोधून काढला याचा काकांना फार अभिमान होता. आमच्या गाडीतून त्यांनी त्या दिवशी तीन वर्षांच्या अक्षता चिमट्याने काढून कागदावर मांडल्या. चांगल्या पसाभर निघाल्या. काही फुगून काळ्या पडलेल्या, काहींवर अजून कुंकू होतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती पुडी बांधली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "याचं विसर्जन कर. आणि पूजा करायचीच असेल तर खाली झोपून कर."

हा माणूस पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, असं मी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. पुढच्या शनिवारी नवरा त्यांच्या शेजारी पुठ्ठ्यावर उताणा झोपला होता आणि दोघं मिळून आमच्या गाडीच्या पोटाला मेण फासत होते.

ते मेणाचं प्रकरण बघण्यासारखं असायचं. स्वतःच्या गाडीचं ते खंडेनवमीलाच करत. खंडेनवमीला माणसाने आपल्या हत्यारांची पूजा करावी, आणि पूजा म्हणजे निगा, असं त्यांचं म्हणणं. गंजरोधक मेणाचा डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून पातळ करायचा. ते पातेलं पूर्वी काकूंचं बासुंदीचं होतं. मग हॉस्पिटलातून बाद झालेली मोठी सिरिंज आणि पोटात घालायची रबरी नळी घेऊन, दाराखालच्या पोकळ पट्टीत ते मेण टोचायचं. पेशंटशी बोलावं तसं ते गाडीशी हळू आवाजात बोलत. मेण पलीकडच्या भोकातून ठिबकायला लागलं की समाधानाने उठत आणि आगपेटीची काडी घेऊन ते भोक मोकळं करत. भोक बुजलं तर सगळं फुकट. आत पाणी जाणारच, ते बाहेर यायला वाट पाहिजे. "झाकलं की कुजलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे ते गाडीबद्दल म्हणत, फुप्फुसांबद्दल म्हणत, आणि एकदा आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीबद्दलही म्हणाले होते.

त्यांच्या गाडीला त्या सगळ्याचा गुण आला हे मात्र कबूल करायला हवं. विटकरी रंगाची ती सलून गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली आणि गेली ती गिअरबॉक्सने, गंजाने नाही. भंगारात न्यायला आलेला माणूस खाली वाकून बघून चकित झाला होता. आणि त्यातली बरीच वर्षं ती मिठातून चालली. ते कसं झालं तेच सांगायचं आहे.

त्यासाठी आधी काकूंबद्दल सांगायला हवं. काकू गोलमटोल, हसऱ्या, आणि नकला करण्यात पटाईत. लायब्ररीत अर्धा दिवस काम करायच्या. गाडी त्यांना चालवता येत नव्हती. अळणी महिन्यांत काका त्यांना सोडत आणि मिठाच्या महिन्यांत त्या बसने जात. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन, पुढे उतार उतरून, बसस्टॉपवर उभ्या. संध्याकाळचं हळदीकुंकू गावाच्या दुसऱ्या टोकाला असलं तर त्यांना यायलाच मिळत नसे. "साड्या माझ्या गॅरेजमध्ये ऊब खातायत आणि मी स्टॉपवर," असं म्हणून त्या हसायच्या.

मी पुण्यात फिजिओथेरपी शिकलेली. माणूस चालायला लागला की माझी नजर आधी त्याच्या पायाकडे जाते, त्याला माझा इलाज नाही. काकूंचा उजवा पाय घोट्यात नीट वाकत नव्हता. पाऊल बाहेर टाकून त्या चालत, आणि थंडीत हे जास्त दिसे. मी विचारलं तेव्हा त्यांनी सगळ्या बायकांसमोर तो किस्सा साभिनय सांगितला. लग्नानंतरची पहिली वर्षं, इंग्लंडच्या उत्तरेकडचं डोंगराळ गाव, जुनी घेतलेली गाडी. मित्राकडे जेवायला चालले होते. काकूंच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा. उतारावर त्यांच्या पायाखालचा गाडीचा तळ गंजून फाटला आणि पाऊल थेट रस्त्यावर गेलं. घोटा मोडला. "पण श्रीखंड सांडू दिलं नाही हो," असं म्हणून त्या मांडीवर डबा धरल्याची नक्कल करत आणि खोली हसून लोळे. काका अशा वेळी खोलीत नसत. किस्सा सुरू झाला की ते उठून बाहेरच्या गाड्या तपासायला जात. मला वाटायचं, शंभरदा ऐकून कंटाळले असतील.

आता माझ्या नोकरीचं. इथल्या परीक्षा देऊन, नाव नोंदवून झालं होतं, पण दोन ठिकाणी मुलाखत देऊन हात हलवत परत आले होते. इथला अनुभव नाही, असं दोन्हीकडे गोड शब्दांत सांगण्यात आलं. तिसरं पत्र आलं ते शेजारच्या बेडफर्डहून. म्हाताऱ्या पेशंटना त्यांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवायचे, आसपासच्या खेड्यांतून फिरायचं. स्वतःची गाडी असणं ही अट. मुलाखत झाल्यावर एक वरिष्ठ बाई माझ्याच गाडीत बसून एका पेशंटकडे येणार होत्या, मी काम कसं करते आणि गाडी कशी चालवते ते बघायला. जानेवारीतला गुरुवार, सकाळी साडेअकरा. हेही गेलं असतं तर चौथ्यांदा अर्ज करायची उमेद माझ्यात उरली नव्हती. नवऱ्याला मी ते बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मेण फासताना काकांनी सांगितलं होतं की मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजलाय, बदलून घ्या. आम्ही हो म्हटलं. गाडीची सरकारी तपासणी मार्चमध्ये होती, तेव्हाच बघू असं ठरवलं. काकांनी पुन्हा दोनदा आठवण केली आणि आम्ही पुन्हा दोनदा हो म्हटलं.

त्या गुरुवारी सगळं पांढरं झालं होतं. नवरा ड्यूटीवर होता. सव्वानऊला मी नवा कोट घालून, कागदपत्रं शेजारच्या सीटवर ठेवून, गाडी गरम करत बसले होते. काका कानटोपी घालून हॉस्पिटलला निघाले होते. सवयीने थांबले, आणि मग फाटकातून आत आले. मागच्या चाकापाशी जमिनीवर एक काळसर थेंब होता. त्यांनी तो बोटाने उचलला, चोळला, हुंगला. मग माझ्या काचेवर ठोकलं आणि शांतपणे म्हणाले, "ब्रेक दाब."

मी दाबला.

"असा नको. राउंडअबाउटला लॉरी आडवी आली आहे असं समज आणि दाब."

मी सगळा जोर लावून दाबला. आधी पेडल घट्ट लागलं, मग काहीतरी सुटलं आणि माझा पाय सरळ तळापर्यंत गेला. मागे फरशीवर तेलाची चिळकांडी उडाली होती. राउंडअबाउट म्हणजे गोल चौक, आणि बेडफर्डपर्यंत ते पावलोपावली आहेत हे आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी तशीच बसून राहिले. पाय वर घ्यायचं मला सुचेना.

आणि मग मला भयंकर राग आला, तो त्यांचाच. त्यांनीच पाइप फोडल्यासारखी मी त्यांच्यावर ओरडले. टॅक्सीने जाऊन उपयोग नव्हता, बसने पोचलेच नसते, पोचले असते तरी त्या बाईंना काय खांद्यावर बसवून नेणार होते? ते ऐकत उभे राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "ही गाडी जाणार नाही."

"मग तुमची द्या," मी म्हणाले.

हे मी बोलणार आहे असं मलाही ठाऊक नव्हतं. ते वळून रस्त्याकडे बघायला लागले. रस्ता मिठाने राखाडी दिसत होता.

"मीठ आहे," ते म्हणाले.

"काका, मीठ आहे म्हणून काकू दर हिवाळ्यात त्या पायाने स्टॉपपर्यंत चालतायत. मला दिसतं ते, माझा धंदाच आहे. घोटा दर वर्षी जास्त आखडतोय. तुमची गाडी ठणठणीत आहे हो. काकूंचा पाय बद्द होत चाललाय."

बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. ज्या माणसाने आत्ताच माझा जीव वाचवला होता त्याला मी हे ऐकवत होते.  काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि गॅरेजकडे गेले.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. साड्या निघाल्या, घड्या न घालता कोपऱ्यात पडल्या. जॅक लावून एकेक ठोकळा निघाला. जिन्याखालची बॅटरी आम्ही दोघांनी दोन बाजूंना धरून आणली आणि माझ्या नव्या कोटाला ग्रीस लागलं. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्यांनी गॅरेजभर एक नजर टाकली, आत जाऊन रॉकेलचा बोळा आणून माझा कोट पुसला आणि स्वतःचा कोट चढवला. लायब्ररीला आज सुट्टी कळवते आणि हिला रस्ता दाखवायला जाते, म्हणाल्या. दुसऱ्याची गाडी चालवायची मुभा माझ्या विम्यात आहे ना, ते मात्र काकांनी कागद मागून, चष्मा लावून वाचलं. मग गाडी सुरू केली, ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत आणली आणि जिथून मीठ सुरू होत होतं तिथे थांबवली. उतरून दार धरून उभे राहिले. लॉरीच्या मागे जाऊ नको, डबक्यातून नेऊ नको, असं काही सांगतील असं मला वाटलं होतं.

"राउंडअबाउटच्या आधी वेग लवकर कमी कर," एवढंच म्हणाले.

गाव मागे पडलं तेव्हा माझे हात जरा सैल झाले आणि माझं लक्ष काकूंच्या पायांकडे गेलं. तळाला पाऊल टेकलेलंच नव्हतं. दोन्ही टाचा त्यांनी सीटच्या कडेला लावून वर धरल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना चालताना पाहिलं होतं, पण गाडीत शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, सवय आहे, पत्र्यावर भार द्यायला मन घेत नाही.

मग जरा वेळाने, समोर बघत, त्या म्हणाल्या, "त्या जुन्या गाडीत माझ्या पायाखाली मॅट होती. ती ह्यांनी आदल्या रविवारी घातली होती. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. आधी दार उघडून, वाकून खालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघितला. थोडा वेळ तसेच बसले, आणि मग वर मॅट घातली. पुढच्या आठवड्यात वेल्डिंग करून घेऊ असं म्हणाले असतील मनात. ऑन कॉल होते ना आठवडाभर."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"तेव्हा मला वाटलं, पायाला गार लागू नये म्हणून घातली. पाय गेला तेव्हा कळलं. पण हॉस्पिटलात ह्यांचा चेहरा असा झाला होता की म्हटलं, राहू दे. तो श्रीखंडाचा विनोद मी तेव्हा पहिल्यांदा केला."

"आणि तुम्हाला माहीत आहे हे काकांना माहीत नाही?"

"नाही. इतकी वर्षं ते समजतात मला ठाऊक नाही, आणि मी बोलत नाही."

मी एका राउंडअबाउटला वेग कमी केला, बाहेर पडले आणि म्हणाले, "झाकलं की कुजलं, काकू."

त्या एकदम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग रुमालाने डोळे टिपून खिडकीतून शेतं बघायला लागल्या.

मुलाखतीचं लांबवत नाही. काकू ऑफिसात विणकाम घेऊन बसल्या. वरिष्ठ बाई माझ्याबरोबर आल्या. खेड्यातले एक आजोबा खुब्याचं हाड मोडल्यापासून खुर्चीतून उठायला तयार नव्हते. मी त्यांच्यावर रागावले तेव्हा उठले. परत येताना त्या बाई म्हणाल्या, गाडी फार छान ठेवली आहेत तुम्ही. मी म्हटलं, शेजाऱ्यांची आहे, माझ्या गाडीचे ब्रेक सकाळी गेले, पण नोकरी दिलीत तर तोवर दुरुस्त करून आणीन. खोटं बोलायची माझ्यात त्या दिवशी ताकद नव्हती. त्या जोरात हसल्या. पत्र येईल, पण फेब्रुवारीच्या एक तारखेला ये, असं गाडीतून उतरताना त्यांनी सांगितलं. मी काकूंना बातमी दिली आणि मग कार पार्कमध्ये बसून पाच मिनिटं रडले. काकूंनी मला रडू दिलं.

परतीच्या वाटेवर लॉऱ्यांनी आम्हाला मिठाने आंघोळ घातली. विटकरी गाडी काचांपर्यंत पांढरी झाली. मला काकांच्या विचाराने धडकी भरत होती. हीटर चालू होता. काकूंनी बूट काढले होते आणि मी सहज खाली पाहिलं तर दोन्ही पावलं तळावर सपाट टेकलेली होती. 

काका ड्राइव्हवेवर उभे होते. हाफ डे टाकून आले होते. हातात पाण्याची नळी, पायाशी बादली, ब्रश, फडकी. गाडी आत येताच त्यांनी नळी सुरू केली. मी किल्ली पुढे धरून काय बोलावं या विचारात होते, तेवढ्यात काकू उतरल्या.

"हिला नोकरी मिळाली," त्या म्हणाल्या. काकांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काकूंनी दार लावलं आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "आणि ऐका. त्या मॅटखाली काय होतं ते मला ठाऊक आहे. मी खिडकीत होते."

काका तसेच उभे राहिले. नळीचं पाणी त्यांच्या बुटांवर पडत होतं, एवढ्या थंडीत, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण किल्ली हातात धरून तिथेच उभी होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पाय मोडला तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

 काकांनी एक लांब श्वास सोडला. छातीचे डॉक्टर पेशंटला सोडायला सांगतात ना, तसा, शेवटपर्यंत. "सुटलो गं," ते म्हणाले. "एकदाचा सुटलो."

"मीही," काकू म्हणाल्या. "आता ते पाणी बंद करा, पाय भिजले तुमचे."

मी घाईघाईने ब्रश उचलला आणि म्हणाले, काका, मी धुते गाडी, मीच खराब केलीय. ते नळापाशी गेले, पाणी बंद केलं आणि नळी गुंडाळायला लागले. राहू दे, म्हणाले. उद्या हिला लायब्ररीत सोडायचंय, शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे गावाच्या त्या टोकाला, रोज रोज किती धुणार. रविवारी सावकाश बघू. जाता जाता मला म्हणाले, पाइप मात्र तुमचा आजच बदलायचा, मी मेकॅनिकला फोन केलाय, पाचला येतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. रात्रीच्या मिठाने रस्ता पांढरा होता. विटकरी गाडी, कालच्याच मिठाने माखलेली, हळूहळू ड्राइव्हवेच्या टोकाला आली. काका एकटेच आत होते. तिथे ते थांबले, उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून समोरची मॅट काढली. तळावर दोन ठिकाणी ठोकून ऐकलं, आणि ती मॅट घेऊन गॅरेजमध्ये टाकून आले. मग काकू पायऱ्या उतरून आल्या आणि उघड्या पत्र्यावर पाय टेकवून बसल्या.

पुढे ती गाडी गेली तोपर्यंत त्या बाजूला मॅट कधी घातलेली मी पाहिली नाही.